आईची बी.एस्सी.

म्हाळाचं जेवण उरकेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं शर्मिलानं सकाळी वडे थापतानाच ठरवलं होतं. पितरांच्या दिवशी घरात वाद नको. शिवाय खीर पोटात गेली की बाबा जरा ऐकून घेतात, एवढं तिला ह्या घरातल्या बावीस वर्षांत कळलं होतं.

कावळ्यासाठी वाढलेली वाडी छपरावर ठेवून गुरुप्रसाद शिडी उतरला, तोवर कावळा आलासुद्धा.

"इले बगा," पडवीतून तिची सासू, माई, म्हणाली. "मामंजींका वाट बघूची सवयच नव्हती."

गुरुप्रसाद हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि हळूच म्हणाला, "सांगलस?"

"नाय. जेवान होवदे."

"मी सांगू?"

शर्मिलानं नवऱ्याकडे पाहिलं. पंचायत समितीत दिवसभर लोकांशी बोलणारा हा माणूस बापासमोर गेला की अर्ध्या वाक्यातच थांबे. "नको," ती म्हणाली. "माझा मीच सांगतंय."

सांगायचं ते थोडंच होतं. परवा सत्यवान सरांचा फोन आला होता. सर कुडाळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि वयानं मोठ्या असलेल्या ह्या विद्यार्थिनीला तीन वर्षं 'मॅडम' म्हणत आले होते. देवगडच्या पुढे खाडीकाठी खेकड्यांची हॅचरी सुरू झाली होती. तिथे प्रयोगशाळेत माणूस हवं होतं. शेवटच्या वर्षाला शर्मिलानं वालावलच्या खाडीतल्या खेकड्यांवर केलेलं काम सरांनी त्यांना दाखवलं, आणि त्यांनी तिला निवडलं. सोमवारी हजर व्हायचं. राहायची सोय तिथेच, घरी यायचं महिन्यातून दोनदा.

खरं तर ही सगळी सुरुवात चारुतामुळे झाली. लेक नुकतीच बारावीला गेली होती, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होती. तिच्याकडून पाठ करून घ्यायला शर्मिला पुस्तक घेऊन समोर बसायची. लेक पेंगायची, झोपायची, आणि आई पुढचं पान उलटायची. लग्नाआधी, तारकर्लीला माहेरी असताना, मालवणला तिचं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं होतं. मग स्थळ आलं आणि ते तिथेच राहिलं. पेशी, हृदयाचे कप्पे, माशाच्या कल्ल्यातून जाणारं पाणी, हे सगळं वाचताना तिला आपली जुनी भूक आठवली. त्याच जूनमध्ये तिनं कुडाळला नाव घातलं, पहिल्या वर्षापासून.

तीन वर्षांत आई दर परीक्षेत पास होत गेली. लेक त्याच तीन वर्षांत तीनदा बसली आणि तीनदा मागे राहिली.

जेवणं झाली. कणकवलीहून आलेली शिवांगी, गुरुप्रसादची धाकटी बहीण, पडवीत बाबांच्या खुर्चीजवळ सुपारी कातरत बसली. ती हायस्कूलात विज्ञान शिकवायची. घरातले शिक्षणाचे प्रश्न आपणच सोडवायचे असतात, असं तिला वाटत असे.

"बाबा, मी काय म्हणतंय," ती म्हणाली, "चारूक ह्या वर्सा माझ्याकडे पाठवा. कणकवलीत नवो क्लास सुरू झालो आसा. कोल्हापुरासून सर येतत. हंय घरात बसान तिच्याच्यान होवचा नाय."

"माका पटता," बाबा म्हणाले. "चवथ्या वेळेक होतला. जिद्द सोडूची नाय."

चारुता पायरीवर बसली होती. तिनं मान वर केली नाही. शर्मिलानं पदराला हात पुसले आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"बाबा, माका एक सांगूचा आसा. माका नोकरी गावली."

पहिल्यांदा बोलली माई. "खंय गो?"

"देवगडच्या फुडे. खेकड्यांच्या हॅचरीत. खेकड्याचा बी तयार करतत थंय, माई. बारीक पिल्ला. ती मगे लोक नेवन तळ्यात वाढवतत."

"वयनी!" शिवांगी अडकित्ता टाकून उठलीच. "अभिनंदन गो! आणि माका आदी सांगूक नाय?" तिनं वहिनीचे दोन्ही हात धरले. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू जरा थबकलं. "देवगडच्या फुडे म्हणजे… तू थंय रवतलस?"

"होय."

"आणि माई? तिच्या दुसऱ्या पायाचा ऑपरेशन जवळ इला."

बाबांनी घसा साफ केला. "तू शिकलस, माका बरा वाटला. गावात मी सगळ्यांका सांगलंय. पण ह्या वर्सा नको. चारूची परीक्षा होवदे. अशा वेळेक आवस जवळ व्हयी."

"बाबा, ती म्हणता—" गुरुप्रसाद म्हणाला.

"तू थांब."

गुरुप्रसाद थांबला.

"माझ्या नावार तिका अडवू नकात." हे चारुता बोलली. ती उभी राहिली होती. "जावंदे तिका. नायतरी सगळा तिकाच गावला. बायोलॉजी माझी होती."

ती पायऱ्या उतरून माडांमधून खाडीच्या वाटेला लागली. तिच्या मागे जावं की नाही, हे शर्मिलाला क्षणभर कळेना. मग ती तशीच, चपला न घालता, निघाली.

*

शिवांगी भांडी घेऊन आत आली तेव्हा माई खुर्चीवर बसून उरलेली खीर डब्यात ओतत होती.

"तू तरी वयनीक समजाव," शिवांगी म्हणाली. "तुझ्या पायाचा कोण बघतला? माका शाळा आसा. रोज येवक जमाचा नाय."

"पाय माझो, आणि बोलतास तुमी," माई म्हणाली. "माका कोणी विचारल्यान?"

"बरा, विचारतंय आता."

"मगे आयक. गुरू चाय करूक शिकतलो. भात तेका येता. बाकीचा मी खुर्चेर बसान सांगतलंय. उपाशी कोण मरूचो नाय."

शिवांगीला हसू आलं. माई मात्र हसत नव्हती. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि लेकीकडे नीट पाहिलं.

"तू पयली अभिनंदन म्हटलस. मगे तुझा तोंड बदालला. माझो पाय तुका त्याच्या मागसून आठवलो. खरा मा?"

शिवांगी नळाखाली पातेलं धरून तशीच उभी राहिली. ते भरून वाहायला लागलं तरी तिनं नळ बंद केला नाही. तिची बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राची, आणि कॉलेजात तिचा पहिला नंबर. पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेशही मिळाला होता. बाबा म्हणाले होते, डॉक्टर झालं नाही तर आता बी.एड. कर, जवळच्या शाळेत लाग. तिनं मान हलवली होती. तेव्हापासून ती आठवीच्या पोरांना पानं अन्न कसं तयार करतात ते शिकवत होती. चांगलं शिकवत होती. पोरं तिच्या तासाला गप्प बसत.

"माका पुण्याक जावचा होता, माई."

"ठाऊक आसा."

"तुका ठाऊक होता?"

"मालवणच्या कातळारसून तू शेवाळा आणून बरण्येत ठेवलेलस. न्हाणयेत पाय ठेवूक जागा नव्हती. एक दिस सगळ्यो बरण्यो नेवन माडाच्या मुळात ओतलस. त्या दिसापासून तू पुण्याचा नाव काडूक नाय. माका दिसला नाय असा वाटता तुका?"

"मगे तेव्हा बोलाक कित्या नाय?"

"तेव्हा ह्या घरात माझा कोण आयकत होता गो?" माईनं हात लांब करून नळ बंद केला. "आता वायच आयकतत. म्हणान आता बोलतंय."

शिवांगीनं पातेलं खाली ठेवलं आणि ओल्या हातांनीच आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. चाळिशी ओलांडलेल्या त्या लेकीच्या डोक्यावरून माई हात फिरवत राहिली.

*

कर्ली खाडीच्या काठाला शेताचा बांध होता आणि बांधापलीकडे कांदळवन. भरती लागली होती. पाणी झाडांच्या मुळांतून आवाज न करता आत येत होतं. चारुता बांधावर पाय सोडून बसली होती. आईची चाहूल लागली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

"सगळ्यांका सोडून कित्या इलस?"

"तेंका काय, जेवले आसत."

शर्मिला तिच्या शेजारी बसली. चारुताच आधी म्हणाली, "मी बोललंय ता…"

"खरा बोललस काय रागान?"

"दोनय."

शर्मिलानं मान डोलावली.

"जून म्हयन्यात माझो निकाल लागलो," चारुता म्हणाली, "त्याच आठवड्यात तुझो लागलो. तू विहिरीकडे जावन सरांका फोन करत होतस. फस्ट क्लास गावलो म्हणान सांगत होतस, हळू आवाजात. माका खिडकीतसून आयकाक येत होता."

"तुका वायट वाटात म्हणान मी…"

"तेचाच वायट वाटला. नापास झालंय तेचा तितक्या नाय. माझ्यामुळे माझी आवस विहिरीकडे जावन हसता, तेचा."

त्या दिवशी कुडाळहून शर्मिलानं पेढे आणले होते आणि ते पिशवीतच ठेवून दुसऱ्या दिवशी परस्पर शेजारच्या पोरांना वाटून टाकले होते. आपण लेकीला जपतोय, असं तिला वाटलं होतं.

"काय करूचा होता मी?" तिनं विचारलं.

"पेढो दिवचो होतो माका. पयलो माका."

आता दोघींचेही डोळे भरले. चारुतानं बाहीनं नाक पुसलं. लहानपणी पुसायची तसंच.

"आई, माका परत बसाचा नाय त्या परीक्षेक." हे बोलून ती जरा थांबली, जणू काही तरी पडेल, मोडेल. "पयल्यांदाच भायर पडला तोंडातसून."

"मगे काय करूचा आसा तुका?"

"ठाऊक नाय. रागावलस?"

"नाय गो." शर्मिलानं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. "माका चाळिशीत कळला काय व्हया ता. तू कित्याक घाय करतस?" मग ती जरा वेळानं म्हणाली, "मी सरांका सांगतंय, ह्या वर्सा नको म्हणान. तू वायच सावरलस काय फुडे बघू."

"नको!" चारुतानं हात सोडवून घेतला. "तू माझ्यासाठी रवलस तर माका पास होवकच व्हया. ता ओझा माका झेपाचा नाय. तू जा, आई. तू गेलस तर मी मोकळी होतलंय."

शर्मिलानं लेकीकडे पाहिलं. हे लहान मुलाचं रुसणं नव्हतं. ही एक बाई दुसऱ्या बाईला खरं सांगत होती.

"बाबांका कोण सांगतला?" तिनं विचारलं.

"मी सांगतंय," चारुता म्हणाली. "तू फकस्त बाजूक उभी रव."

*

दिवेलागणीला बाबा तुळशीपुढे हात जोडून पडवीत येऊन बसले. म्हाळाच्या दिवशी त्यांना बहिणीची आठवण येई. रुक्मिणी पहिल्या बाळंतपणात होडीतच गेली, पलीकडचा काठ यायच्या आधी. बाबा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते आणि होडीत तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. ह्या घरात एक डॉक्टर हवा, हे त्यांनी त्या होडीत ठरवलं. आधी गुरुप्रसादवर आशा ठेवली. तो अकरावीत बेडूक कापताना चक्कर येऊन पडला. मग शिवांगीवर. मग नातीवर.

चारुता येऊन त्यांच्या पायाशी बसली. शर्मिला दाराशी उभी राहिली. माई आणि शिवांगी आतून बाहेर आल्या. गुरुप्रसाद आधीपासूनच तिथे होता.

"बाबा," चारुता म्हणाली, "मी डॉक्टर होवचंय नाय."

बाबांनी मान खाली करून तिच्याकडे पाहिलं.

"तीनदा जीव लावन केलंय. माझ्याच्यान होणा नाय, आणि आता माका व्हयापण नाय. तुमका रुक्मिणीआजीचा दुख आसा ता माका ठाऊक आसा."

"ह्या इतके दिस कित्या सांगूक नाय? माझो भय वाटता तुका?"

"भय नाय. तुमका वायट वाटतला म्हणान."

बाबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते. त्यांनी ते उचलून मांडीवर ठेवले आणि लेकीकडे पाहिलं.

"शिवांगी, तू पण अशीच गप्प रवलेलस?"

शिवांगीनं सकाळी ह्याचं उत्तर हसून टाळलं असतं. आता ती म्हणाली, "होय, बाबा."

"आणि तू रे?"

"मी चक्कर येवन पडलंय, बाबा," गुरुप्रसाद म्हणाला. "माका काय सांगूची गरजच पडाक नाय."

माई आधी हसली. मग शिवांगीला हसू फुटलं, मग चारुताला, आणि शेवटी बाबांच्या ओठांचा कोपरा हलला. हसता हसता त्यांचे डोळे मात्र वाहत होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"वायट वाटला," ते म्हणाले. "खोटा कित्याक बोलू? पण वाटांदे. माझा मी बघतंय." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथेच राहिला. मग ते सुनेकडे वळले. "हंय ये. बस. त्या खेकड्यांचा नीट सांग. तीन वर्सा तू शिकलस, आणि काय शिकलस ता आमी कोणी विचारूक नाय."

शर्मिला खाली बसली. सुरुवातीला तिला लाजल्यासारखं झालं. मग ती बोलत गेली. खेकड्याची मादी अंडी सोडायला खाडीतून समुद्राकडे जाते. अंडी लाखांनी असतात. त्यातून निघणारं पिल्लू खेकड्यासारखं दिसतच नाही, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा तो ठिपका. तो कात टाकतो, रूप बदलतो, पुन्हा टाकतो. समुद्रात त्यांना मासे खातात, पाणी बिघडलं तर मरतात, लाखातली हातावर मोजण्याएवढी परत खाडीत येतात. हॅचरीत पाणी सांभाळायचं, त्यांचं खाणं सांभाळायचं, रोज बघत राहायचं.

"म्हणजे तुझा काम काय?" बाबांनी विचारलं.

"जगवूचा," शर्मिला म्हणाली. "जितकी जगतली तितकी."

बाबा बाहेरच्या अंधारू लागलेल्या माडांकडे बघत होते.

"गुरू," थोड्या वेळानं ते म्हणाले, "सोमवारी कुडाळासून देवगडाक गाडी कितीक आसा, ता बग."

*

सोमवारी चारुता आईला पोचवायला गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी तीच बॅग उचलून पुढे झाली. निघताना माईनं सुनेच्या हातावर दही ठेवलं. गुरुप्रसादनं रविवारभर चहाचा सराव केला होता आणि त्यातला एक कप, जरा गोड, तो बायकोनं पूर्ण पिईपर्यंत समोर उभा राहिला. कप परत घेताना त्यानं तिची बोटं धरून ठेवली. "फोन कर," एवढंच म्हणाला.

हॅचरी म्हणजे पत्र्याच्या दोन लांब शेड होत्या, मागे समुद्र. आत पाण्याच्या टाक्यांची रांग, हवेच्या नळ्यांची सतत बुडबुड, ओला खारट वास. तिथल्या प्रमुख पूजा मॅडम चारुताच्या आत्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या.

"या शर्मिलाताई, वाटच बघत होते," त्या म्हणाल्या. "परवाच एका मादीची अंडी फुटलीत. तुम्ही अगदी वेळेवर आलात. आणि ही?"

"माझी मुलगी. पोचवायला आलीय."

चारुता पुढचा प्रश्न ऐकायला तयार झाली. सगळे विचारत तो: तू काय करतेस? पूजा मॅडमनी तो विचारला नाही. "आत चल की," म्हणाल्या, "फक्त चपला बाहेर काढ."

आईला त्यांनी पांढरा ॲप्रन दिला. तो तिला खांद्यात मोठा होत होता. तिनं बाह्या दुमडल्या, टाकीतून एका काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, ते उजेडात धरलं, मग ड्रॉपरनं एक थेंब काचपट्टीवर सोडून मायक्रोस्कोपवर वाकली. चारुता बघत राहिली. घरी आईच्या हातांना सदा घाई असायची. इथे ते हात अगदी सावकाश चालत होते.

थोड्या वेळानं आईनं मान वर केली. ती काही म्हणाली नाही. नुसती बाजूला सरकली.

चारुता वाकली. आधी नुसता उजेड दिसला, आणि तिच्याच पापण्या. मग तिनं हळूहळू नॉब फिरवला. एक काचेसारखा जीव समोर आला. डोळे मोठाले काळे, पाठीवर एक लांब काटा, शेपूट आत वळलेली. तो थेंबात गरगर फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. आणि त्याच्या पाठीखाली, आरपार दिसणाऱ्या अंगात, काहीतरी भरभर लवत होतं.

"आई, ह्या काय हलता?"

"तेचा काळीज."

चारुतानं श्वास रोखून धरला. बाहेर रस्त्यावर कुठेतरी एस.टी.चा हॉर्न वाजला. आईनं घड्याळाकडे पाहिलं.

"चारू, तुझी गाडी चुकात हां."

चारुतानं डोळा काढला नाही.

"चुकांदे," ती म्हणाली.